परतलेली मार्टिना

चेक भाषेत ‘नाव्रातिल’ म्हणजे ‘परतला’. या क्रियापदावरून एक आडनाव पडले आणि चेक रीतीप्रमाणे त्या घरातल्या बायका ‘नाव्रातिलोवा’ झाल्या. मराठी वृत्तपत्रांनी त्याचे ‘नवरातिलोवा’ केले आणि आपल्याकडे तेच रुळले. टेनिसपटू मार्टिनाला मात्र हे आडनाव जन्माने मिळालेले नाही. 18 ऑक्टोबर 1956 रोजी प्रागमध्ये ती जन्मली तेव्हा मार्टिना शुबर्तोवा होती. ती तीन वर्षांची असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. आई याना तिला घेऊन प्रागजवळच्या रझेव्नित्से गावी माहेरी आली आणि 1962 मध्ये तिने मिरोस्लाव नाव्रातिल यांच्याशी लग्न केले. मुलीने सावत्र वडिलांचे आडनाव लावले. पुढे याच आडनावाच्या मुलीला मायदेशाचे दरवाजे बंद झाले. अकरा वर्षांनी ती परतली तेव्हा तिथल्या स्टेडियमच्या ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव घेतले जाऊ नये अशी तजवीज सरकारने केली होती.

आजोळचे घराणे एकेकाळी खाऊनपिऊन सुखी होते. 1948 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि जमीनजुमला सरकारजमा झाला. घर उरले, पण त्यातही इतर कुटुंबे राहायला आली आणि मूळ मालकांच्या वाट्याला त्यातला थोडासा भाग राहिला. आवारात लाल मातीचे एक टेनिस कोर्ट होते. देखभालीअभावी ते खचत गेले, तरी खिडकीतून दिसत राहिले. आजी आग्नेस सेमान्स्का युद्धापूर्वी देशातल्या चांगल्या खेळाडूंत मोजली जाई, आईही टेनिस खेळे. मार्टिनाच्या हातात पहिली रॅकेट आली ती आजीची जुनी लाकडी रॅकेट. गावातल्या क्लबच्या भिंतीवर ती तासन्‌तास चेंडू मारत राही, आणि सावत्र वडील हेच तिचे पहिले गुरू झाले.

चेकोस्लोवाकियात टेनिसची मुळे खोल होती. नव्या राजवटीने हा खेळ ‘उच्चभ्रूंचा’ म्हणून मोडीत काढला नाही, कारण परदेशात देशाचे नाव करण्याचा तो स्वस्त मार्ग होता. वेरा सुकोवाने 1962 मध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली. यान कोदेशने 1970 आणि 1971 मध्ये फ्रेंच स्पर्धा आणि 1973 मध्ये विम्बल्डन जिंकले. व्यवस्थेकडे कोर्ट होती, प्रशिक्षक होते आणि गुणी मूल हेरण्याची दृष्टीही होती. अडचण एकच होती. खेळाडू घडला की त्याला परदेशी पाठवावे लागे, आणि परदेशी गेलेला खेळाडू परत येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नसे. यारोस्लाव द्रोब्नी 1949 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या स्पर्धेला गेला तो परतलाच नाही. पाच वर्षांनी त्याने विम्बल्डन जिंकले तेव्हा कागदोपत्री तो इजिप्तचा नागरिक होता. ही जखम प्रागमधले क्रीडाधिकारी विसरले नव्हते.

नऊ वर्षांची असताना मार्टिनाला प्रागच्या क्लामोव्का क्लबात यिर्झी पार्मा या माजी खेळाडूकडे नेण्यात आले. पार्मांनी तिचा दोन हातांचा बॅकहँड मोडून एका हाताचा करायला लावला. डावखुऱ्या, चपळ, नेटकडे धावण्याची ओढ असलेल्या मुलीला एका हाताचा बॅकहँड अधिक पल्ला देईल हा त्यांचा हिशेब अचूक ठरला. त्याच सुमारास तिने रॉड लेव्हरला प्रागमध्ये खेळताना पाहिले. तोही डावखुरा, तोही नेटवर धडकणारा. लाल मातीवर वाढणारी मुले सहसा बेसलाइनवर उभी राहून चेंडू परतवत राहायला शिकतात. ही मुलगी त्या मातीवर राहून मनाने हिरवळीचा खेळ खेळू लागली.

21 ऑगस्ट 1968 रोजी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोवाकियात शिरले. अकरा वर्षांची मार्टिना त्या दिवशी स्पर्धेसाठी प्लझेन शहरात होती. पार्मा त्या वेळी ऑस्ट्रियात होते. ते परतले नाहीत, पुढे अमेरिकेला गेले, आणि गुरूचे मार्गदर्शन पत्रांतून येऊ लागले. ज्या पिढीने ‘प्राग वसंता’ची, म्हणजे त्या वर्षीच्या राजकीय सुधारणांची, मोकळीक काही महिने चाखली आणि मग गमावली, त्या पिढीत ती वाढली. पुढे 1975 मध्ये तिने घेतलेल्या देश सोडण्याच्या निर्णयात पैशाचा भाग किती आणि या आठवणीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. मात्र तिच्यावर टीका करणाऱ्यांनी केवळ पैसाच पाहिला.

1972 मध्ये, पंधराव्या वर्षी, ती राष्ट्रीय विजेती झाली. पुढच्या वर्षी चेकोस्लोवाक टेनिस संघटनेने तिला काही आठवडे अमेरिकेत खेळायला पाठवले. अमेरिकेत तेव्हा महिला टेनिसचे अर्थकारण बदलत होते. 1970 मध्ये बिली जीन किंगसह नऊ खेळाडूंनी प्रस्थापित संघटनेशी फारकत घेऊन एका डॉलरच्या प्रतीकात्मक करारावर सह्या केल्या होत्या, त्यातून स्वतंत्र व्यावसायिक मालिका उभी राहिली होती, आणि 1973 मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस जाहीर केले. सोळा वर्षांच्या चेक मुलीने हे सारे पाहिले. पॅनकेक आणि हॅम्बर्गरचीही चव घेतली आणि काही आठवड्यांत भरपूर वजन वाढवून ती घरी परतली. याच दौऱ्यात ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी तिची गाठ अमेरिकन खेळाडू ख्रिस एव्हर्टशी पडली. एव्हर्टने तो सामना 7-6, 6-3 असा जिंकला. जाडसर, अनोळखी, पण विलक्षण जोरकस खेळणारी ही मुलगी एव्हर्टच्या लक्षात राहिली. पुढच्या पंधरा वर्षांत दोघी 80 वेळा समोरासमोर येणार होत्या.

1974 मध्ये मार्टिनाने ऑरलँडोला पहिले व्यावसायिक एकेरी विजेतेपद मिळवले. 1975 च्या पूर्वार्धात ती ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि चेकोस्लोवाकियाला महिला संघांचा फेडरेशन कप जिंकून देणाऱ्या संघात होती. यश वाढले तसे प्रागशी खटके वाढले. ती ‘अमेरिकाळली’ आहे, आपल्या आणि सोव्हिएत खेळाडूंत मिसळण्याऐवजी अमेरिकन मुलींबरोबर राहते, अशा तक्रारी होऊ लागल्या. एव्हर्टबरोबर ती दुहेरी खेळत होती, हेही डोळ्यांवर येण्यासारखेच होते. अमेरिकेतला मुक्काम लांबवल्याबद्दल तिला परत बोलावण्यात आले. कुठे खेळायचे, किती खेळायचे आणि बक्षिसातले किती हाती ठेवायचे, हे सगळे संघटना ठरवी. त्या वर्षीच्या अमेरिकन स्पर्धेला जाण्याची परवानगीही अडवून धरली गेली. कोदेशने मध्यस्थी केली तेव्हा ती सुटली.

निघण्यापूर्वी तिने मनातला बेत फक्त सावत्र वडिलांना सांगितला. तिच्या 1985 च्या आत्मचरित्रात हा प्रसंग आला आहे. वडिलांनी तिला अडवले नाही. आईला काही सांगू नकोस एवढे बजावले, आणि एकदा तिकडे राहायचे ठरवलेस तर आम्ही फोनवर कितीही विनवले तरी परतू नकोस, कारण ते विनवणे आमचे नसेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पोलिसी राज्यात वावरलेल्या बापाचे हे व्यवहारज्ञान होते.

सप्टेंबर 1975 मध्ये फॉरेस्ट हिल्सला अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ती एव्हर्टकडून 6-4, 6-4 अशी हरली आणि त्याच संध्याकाळी मॅनहॅटनमधल्या स्थलांतर खात्याच्या कचेरीत जाऊन तिने आश्रयासाठी अर्ज केला. गुप्त राहायला हवी असलेली बातमी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फुटली. तिचे वय होते 18. चेकोस्लोवाक टेनिस संघटनेने निवेदन काढले. समाजाने तिला घडण्यासाठी सर्व काही दिले, तिने मात्र व्यावसायिक कारकीर्द आणि फुगलेले बँक खाते पसंत केले, असा त्याचा रोख होता. त्यानंतर तिचे नाव चेक वृत्तपत्रांतून नाहीसे झाले. स्पर्धांच्या निकालांतही ते गाळले जाऊ लागले. जगातल्या पहिल्या पाचांत असलेली खेळाडू स्वतःच्या देशात अस्तित्वातच नव्हती.

स्वातंत्र्याने खेळ लगेच सुधारला नाही. एकटेपण, उधळपट्टी आणि खाणे यांत पहिली दोन वर्षे गेली. अमेरिकन पत्रकारांनी तिच्या वजनावर कोट्या केल्या. 1976 च्या अमेरिकन स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत जॅनेट न्यूबेरीकडून हरली आणि कोर्टवरच हमसून रडली. व्यावसायिक गोल्फपटू सँड्रा हेनीने तिच्या राहणीला आणि मनाला शिस्त लावण्याचे काम अंगावर घेतले आणि मार्टिना डॅलसला राहू लागली. त्याचे फळ 1978 च्या विम्बल्डनमध्ये दिसले. अंतिम सामन्यात एव्हर्टविरुद्ध पहिला सेट 2-6 असा गेला, तिसऱ्या सेटमध्ये ती 2-4 ने मागे पडली, आणि तिथून तिने 2-6, 6-4, 7-5 असा सामना ओढून आणला. चेकोस्लोवाकियात तो दाखवला गेला नाही. पश्चिम जर्मन टीव्हीच्या लहरी सीमेजवळच्या भागात पोहोचत असत. तिच्या घरच्यांनी मुलीचा विजय तिथे जाऊन पाहिला. त्याच महिन्यात ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली.

1979 मध्ये सरकारने आईला लंडनला येऊ दिले आणि मार्टिनाने तिच्या डोळ्यांदेखत विम्बल्डन पुन्हा जिंकले. वर्षअखेरीस आईवडील आणि बहीण कायमचे राहायच्या इराद्याने डॅलसला आले. मुलीने आपले कुटुंब मिळवले असे वाटले, पण टेक्सासमधले परके जीवन आईवडिलांना मानवले नाही. 1980 मध्येच ते रझेव्नित्सेला परत गेले. ज्यांच्यासाठी परतण्याची वाट खुली होती ते परतले. मुलगी मागे राहिली. त्या वर्षी तिने एकही मोठी एकेरी स्पर्धा जिंकली नाही.

तिच्या कारकिर्दीतले खरे वळण 1981 मध्ये आले. तेच महिला टेनिसच्या इतिहासातलेही वळण आहे. एप्रिलमध्ये अमेलिया आयलंडच्या स्पर्धेत एव्हर्टने तिला 6-0, 6-0 असे धुतले. चोवीस वर्षांची, दोनदा विम्बल्डन जिंकलेली खेळाडू एकही गेम जिंकू शकली नाही. याच सुमारास तिची ओळख बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमनशी झाली होती. तू उपजत देणगीवर जगते आहेस, सरावावर नाही, असे लीबरमनने तिला स्पष्ट ऐकवले. त्या काळी महिला टेनिसपटू सराव करत तो टेनिसचाच. वजने उचलणे, वेगाच्या धावा, उड्या हे पुरुषी समजले जाई, आणि प्रायोजकांना तसल्या बाहूंची भीती वाटे. लीबरमनने तिला रोज धावायला, बास्केटबॉल खेळायला आणि वजने उचलायला लावले. खेळाचे तंत्र आणि डावपेच यांसाठी रेने रिचर्ड्‌स आल्या, पुढे 1983 मध्ये ती जबाबदारी माइक एस्टेपने घेतली. आहारतज्ज्ञ रॉबर्ट हासने रक्ततपासण्या आणि संगणकाच्या आधारे जेवण ठरवले. मांस आणि चरबी कमी, पास्ता-बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ जास्त. हॅम्बर्गरची हौस संपली. बॅकहँडला टॉपस्पिन आला, प्रतिस्पर्ध्यांच्या सवयींच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, लाकडी रॅकेटची जागा ग्रॅफाइटने घेतली. आज आघाडीची खेळाडू शरीरतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक यांचा ताफा घेऊन फिरते. 1981-82 मध्ये ‘टीम नवरातिलोवा’ हा थट्टेचा विषय होता.

1981 मध्येच आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या. 21 जुलै रोजी तिला अमेरिकन नागरिकत्व मिळाले. काही दिवसांतच न्यू यॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने तिच्या लैंगिकतेविषयीची बातमी छापली. तूर्त छापू नका, अशी तिने विनंती केली होती. तिचे स्त्रियांशी संबंध असल्याचे जाहीर झाले. त्या मे महिन्यात अशाच बातमीनंतर बिली जीन किंगचे जाहिरातींचे करार एकामागून एक तुटले होते. नागरिकत्व हाती येईपर्यंत मार्टिनाने मौन बाळगले होते, कारण अर्ज त्यावरून फेटाळला जाण्याची भीती होती. नंतर तिने काही नाकारले नाही. त्याची किंमत तिने मोठ्या जाहिरातींच्या रूपाने वर्षानुवर्षे मोजली. जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू असूनही जाहिरातीतले चेहरे बहुधा दुसऱ्यांचे असत.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबरमध्ये ती प्रथमच अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत उतरली. ट्रेसी ऑस्टिनविरुद्ध पहिला सेट 6-1 असा जिंकून पुढचे दोन टायब्रेकमध्ये गमावले. बक्षीस समारंभात प्रेक्षक उभे राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवू लागले, त्या थांबेनात, आणि ती रडू लागली. पाच वर्षांपूर्वी याच स्पर्धेत ती रडली होती, ते रडणे निराळे होते.

त्यानंतरची तीन वर्षे आकड्यांतच सांगावीत, कारण सामन्यांत फारशी रंगत उरली नव्हती. 1982 मध्ये 90 विजय आणि 3 पराभव. 1983 मध्ये 86 विजय आणि एक पराभव. तो फ्रेंच स्पर्धेत कॅथी होर्व्हाथकडून झाला. 1984 मध्ये 78 विजय आणि 2 पराभव, त्यात सलग 74 सामने जिंकण्याचा विक्रम. 1983 च्या विम्बल्डनपासून 1984 च्या अमेरिकन स्पर्धेपर्यंत सलग सहा ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे. चारही मुकुट एकाच वेळी धारण केल्याबद्दल आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तिला जाहीर केलेले दहा लाख डॉलर दिले, तरी एकाच कॅलेंडर वर्षात चारही जिंकण्याचा मान तिला मिळाला नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियन स्पर्धा वर्षाच्या शेवटी होत असे. डिसेंबर 1984 मध्ये तिथल्या उपांत्य सामन्यात ती 1-6, 6-3, 7-5 अशी हरली. जिंकणारी हेलेना सुकोवा ही त्याच वेरा सुकोवाची मुलगी. 74 सामन्यांची मालिका तिने थांबवली, आणि तिचा दुसरा पराभव वर्षाच्या सुरुवातीला केला होता तो हाना मांदलिकोवाने. सबंध वर्षात तिला हरवू शकल्या त्या दोघी चेक होत्या.

दुहेरीत तर मार्टिना आणि पॅम श्रायव्हर या जोडीसमोर कुणाचे चालतच नव्हते. दोघींनी 1984 मध्ये चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि सलग 109 सामने त्या अपराजित राहिल्या. 1985 च्या विम्बल्डनच्या अंतिम फेरीत कॅथी जॉर्डन आणि एलिझाबेथ स्मायली यांनी ती साखळी तोडली. आघाडीच्या एकेरी खेळाडू दुहेरी टाळू लागल्याच्या आजच्या काळात हे विक्रम मोडण्याची शक्यता दिसत नाही.

एव्हर्टशी असलेली चुरस मात्र आकड्यांपलीकडची होती. 80 सामन्यांत मार्टिनाचे 43 आणि एव्हर्टचे 37. त्यांतले 60 सामने अंतिम फेरीचे. एक बेसलाइनवरून संयमाने खेळणारी, अमेरिकेची लाडकी. दुसरी नेटवर चढून येणारी, स्नायूंची, परदेशी उच्चारांची. 1984 च्या अमेरिकन अंतिम सामन्यात मार्टिना नागरिक म्हणून तीन वर्षांची अमेरिकन होती, तरी प्रेक्षक तिच्या चुकांवर टाळ्या देत होते. ती जिंकली आणि दुखावली गेली. 1982 ते 1984 या काळात सलग 13 वेळा हरल्यावर एव्हर्टनेही वजने उचलायला सुरुवात केली, ग्रॅफाइटची रॅकेट घेतली आणि 1985 व 1986 च्या फ्रेंच अंतिम फेऱ्यांत तिने मार्टिनाला हरवले. मार्टिनाच्या क्रांतीचा पहिला मोठा लाभ तिच्या प्रतिस्पर्धिणीला झाला, असे म्हणायला हरकत नाही. कोर्टबाहेर दोघींची मैत्री टिकली.

मग 1986 चा उन्हाळा आला. फेडरेशन कपचे यजमानपद प्रागकडे होते आणि व्लताव्हा नदीतल्या श्तवानित्से बेटावर नवे स्टेडियम बांधलेले होते. अमेरिकन संघात मार्टिना, एव्हर्ट आणि श्रायव्हर होत्या. तिला व्हिसा नाकारला असता तर स्पर्धाच हातची जाण्याचा धोका होता. त्यामुळे सरकारने तिला येऊ दिले, पण तिचे नाव बाहेरच ठेवले. सामन्यांच्या घोषणेत ती ‘संयुक्त संस्थानांची खेळाडू’ होती. वृत्तपत्रांत तिच्याविषयी मौन होते. अकरा वर्षांपूर्वी नाहीशा केलेल्या नावाला परत प्रवेश देणे म्हणजे ते नाहीसे केले होते हे मान्य करणे, आणि तेवढे धैर्य त्या राजवटीत नव्हते.

प्रेक्षकांनी ते काम स्वतःकडे घेतले. अकरा वर्षे तिचे नाव छापले नव्हते, तरी सगळ्यांना ते माहीत होते. जर्मन टीव्हीवरून, नातलगांच्या पत्रांतून ते पोहोचत राहिले होते. पहिल्या सामन्यापासून गॅलरी तिच्या बाजूने होती. ध्वनिक्षेपक जितका आखडता, तितका टाळ्यांचा गजर मोठा. तिच्यासाठी टाळी वाजवणे ही त्या आठवड्यात प्रागमधली कायदेशीर राजकीय कृती होती. क्रीडासामन्यात टाळी वाजवल्याबद्दल कुणाला पकडणार?

अंतिम फेरीत अमेरिकेसमोर यजमान चेकोस्लोवाकियाच होता. एव्हर्टने सुकोवाला हरवले. मार्टिनासमोर मांदलिकोवा आली. दोघी तीनच आठवड्यांपूर्वी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात लढल्या होत्या, आणि मांदलिकोवाचे त्याच आठवड्यात प्रागमध्ये लग्न लागले होते. मार्टिनाने 7-5, 6-1 असा सामना जिंकला आणि अमेरिकेने 3-0 ने कप घेतला. आपल्याच देशाचा पराभव झाल्यावर प्रागकर उभे राहून विजेतीला मानवंदना देत होते. समारंभात ती चेक भाषेत बोलली तेव्हा तिचेही डोळे वाहत होते आणि गॅलरीचेही. सव्वातीन वर्षांनी, नोव्हेंबर 1989 मध्ये, तीच राजवट कोसळली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र लोकांना एकत्र येऊन आपले मत मोठ्याने कळवण्याची सवय कशी लागते, याचे ते एक छोटे दृश्य होते.

व्यवस्थेने एक धडा आधीच घेतला होता. 1975 नंतर इव्हान लेंडल, मांदलिकोवा, सुकोवा या पिढीला संघटनेने परदेशी फिरण्याची आणि कमाई हाती ठेवण्याची पुष्कळ अधिक मोकळीक दिली. कडक बंधनांनी खेळाडू गमावला जातो, हे मार्टिनाच्या जाण्याने पटवून दिले होते. तिला नाकारलेले तिच्यामुळेच पुढच्यांना मिळाले.

1987 मध्ये फ्रेंच अंतिम सामन्यात श्टेफी ग्राफने तिला तिसऱ्या सेटमध्ये 8-6 असे हरवले आणि ऑगस्टमध्ये पहिला क्रमांक ग्राफकडे गेला. मार्टिनाने त्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत ग्राफला नमवले. न्यू यॉर्कला तर एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे घेतली. तरीही काळ बदलल्याची खूण स्पष्ट होती. ग्राफची ताकद आणि वेग ही मार्टिनाने घालून दिलेल्या शिरस्त्याचीच पुढची पायरी होती. 1982 पासून सलग सहा वेळा जिंकलेले विम्बल्डन 1988 मध्ये ग्राफने तिच्याकडून घेतले. तिथले नववे एकेरी विजेतेपद मिळवून हेलन विल्स मूडीचा आठांचा विक्रम मोडायचा, एवढेच ध्येय मग उरले. 1990 मध्ये झिना गॅरिसनला 6-4, 6-1 असे हरवून ते साधले. तेव्हा ती 33 वर्षांची होती. एकेरीतले हे तिचे अठरावे आणि शेवटचे ग्रँड स्लॅम.

1992 मध्ये कोलोराडो राज्याने समलिंगी व्यक्तींना कायद्याचे संरक्षण देण्यास मज्जाव करणारी घटनादुरुस्ती मतदानाने मंजूर केली. त्या राज्यात राहणाऱ्या मार्टिनाने त्या दुरुस्तीविरुद्धच्या दाव्यात वादी म्हणून नाव दिले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. 1981 मध्ये नागरिकत्वासाठी गप्प राहिलेली व्यक्ती नागरिक म्हणून न्यायालयात उभी राहिली.

1994 मध्ये ती पुन्हा एकदा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली. कोंचिता मार्टिनेझने तिला तीन सेटमध्ये हरवले, आणि सेंटर कोर्ट सोडताना तिने तिथल्या गवताच्या काड्या उपटून घेतल्या. नोव्हेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गाब्रिएला साबातिनीकडून हरून तिने एकेरीतून निवृत्ती घेतली. खात्यावर 167 एकेरी विजेतेपदे होती आणि 332 आठवडे पहिला क्रमांक.

निवृत्ती टिकली नाही. 2000 मध्ये ती दुहेरीसाठी परतली, आणि इथे भारतीय प्रेक्षकांचा तिच्याशी थेट संबंध आला. 2003 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तिने मिश्र दुहेरीसाठी लिअँडर पेसला साथीला घेतले. मिश्र दुहेरीचे ऑस्ट्रेलियन विजेतेपद तेवढे तिच्या संग्रहात नव्हते. ते मिळताच चारही स्पर्धांतली तिन्ही प्रकारची विजेतेपदे पुरी झाली. त्याच वर्षी दोघांनी विम्बल्डनही जिंकले. 46 वर्षांच्या मार्टिनाचे ते तिथले विसावे विजेतेपद होते आणि त्याने बिली जीन किंगच्या विक्रमाची बरोबरी झाली. पेस नेटवर झेपावणारा, ती नेटवरच वाढलेली. एकेरीत नाहीशी होत चाललेली सर्व्हिस-व्हॉलीची शैली या जोडीत शेवटची मनसोक्त पाहायला मिळाली. 2004 च्या विम्बल्डनमध्ये तिने एकेरीचा पहिल्या फेरीचा सामनाही 6-0, 6-1 असा जिंकला. तेव्हा ती 47 वर्षांची होती.

2006 च्या अमेरिकन स्पर्धेत, पन्नाशीला महिनाभर उरला असताना, बॉब ब्रायनबरोबर मिश्र दुहेरी जिंकून ती थांबली. हे एकूण 59 वे ग्रँड स्लॅम होते: 18 एकेरी, 31 दुहेरी, 10 मिश्र. अंतिम सामन्यात नेटपलीकडे क्वेता पेश्के आणि मार्टिन दाम ही चेक जोडी होती.

2008 मध्ये तिने चेक नागरिकत्व परत घेतले आणि अमेरिकेचेही राखले. 2011 मध्ये चेक खेळाडू पेत्रा क्वितोवाने विम्बल्डन जिंकले तेव्हा मार्टिना स्टेडियमच्या शाही कक्षात बसलेली होती. क्वितोवाचा जन्म 1990 चा, मार्टिनाच्या नवव्या विजेतेपदाच्या वर्षाचा. 2011 पासून आठ वर्षांत चेक महिलांनी फेडरेशन कप सहा वेळा जिंकला. 2014 मध्ये क्वितोवाने पुन्हा, 2023 मध्ये मार्केता वोंद्रोउशोवाने आणि 2024 मध्ये बार्बोरा क्रेइचिकोवाने विम्बल्डन जिंकले. त्यांतल्या क्वितोवा आणि वोंद्रोउशोवा दोघी डावखुऱ्या आहेत.